पिकअप खाली बसवली, आता माल कसा वाहणार? जुन्या अमेरिकन गाड्या, नवे कायदे आणि स्प्रिंगचं गणित

१ जानेवारी २०२४ पासून कॅलिफोर्नियात एक जुना नियम इतिहासजमा झाला. गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या तळापेक्षा खाली येईल इतकी ती खाली बसवायची नाही, असं तिथलं वाहन कायद्याचं कलम १९५८ पासून सांगत होतं. एबी ४३६ या विधेयकाने ते काढून टाकलं. शहरांना 'क्रूझिंग'वर, म्हणजे सजवलेल्या गाड्या घेऊन रस्त्यावरून सावकाश फेऱ्या मारण्यावर, बंदी घालण्याचा जो अधिकार होता तोही गेला. मेक्सिकन-अमेरिकन लोरायडर मंडळींची ही कित्येक दशकांची मागणी होती. पोलिसांनी गाडी अडवावी आणि कारण म्हणून तिची उंची दाखवावी, हे त्यांना रोजचं झालं होतं.

गंमत अशी की त्याच सुमारास देशाच्या दुसऱ्या टोकाला उलटे वारे वाहत होते. नॉर्थ कॅरोलायनाने डिसेंबर २०२१ पासून 'कॅरोलायना स्क्वॉट'वर बंदी आणली. स्क्वॉट म्हणजे पिकअपचं नाक वर आणि मागची बाजू खाली, कुत्रा बसल्यासारखी. पुढचा फेंडर मागच्यापेक्षा ४ इंच किंवा त्याहून जास्त वर असेल तर गाडी बेकायदा. व्हर्जिनियाने २०२२ मध्ये आणि साउथ कॅरोलायनाने २०२३ मध्ये याच धर्तीचे कायदे केले.

दोन्हीकडचे कायदे टेप लावून मोजता येईल अशा गोष्टीवर बोलतात, ती म्हणजे उंची. कायद्याला ते सोपं पडतं. पण ज्याला जुनी पिकअप खाली बसवून शिवाय त्यात विटा, लाकूड किंवा मोटरसायकल टाकून न्यायची आहे, त्याचा खरा प्रश्न टेपने मोजता येत नाही. त्याचा प्रश्न असा: ॲक्सल आणि फ्रेम यांच्यामध्ये दबायला जागा किती उरली?

हा प्रश्न आत्ता जास्त लोकांना पडतोय, त्याला कारणं आहेत. अमेरिकेत नव्या गाडीची सरासरी किंमत सप्टेंबर २०२५ मध्ये पहिल्यांदा ५०,००० डॉलरच्या वर गेली. परदेशी बनावटीच्या हलक्या ट्रकवर १९६४ पासून २५ टक्के आयातकर आहे, त्यामुळे बाहेरून स्वस्त छोटी पिकअप येण्याचा रस्ता तेव्हापासूनच अरुंद. आणि नव्या पिकअप इतक्या उंच झाल्यात की हौद्यात हात घालून तळाची वस्तू काढायला सहा फुटी माणसालाही पायरी लागते. आयआयएचएस या विमा कंपन्यांच्या सुरक्षा संस्थेने नोव्हेंबर २०२३ मध्ये मांडलेला निष्कर्ष तर गंभीर आहे: ज्यांच्या बॉनेटची पुढची कड ४० इंचांपेक्षा उंच आहे अशा गाड्यांच्या धडकेत पादचाऱ्याचा मृत्यू होण्याची शक्यता ३० इंच किंवा कमी उंचीच्या, उतरत्या बॉनेटच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त. अशा वातावरणात १९६७ ते १९७२ ची शेव्हरोले सी-१० किंवा फोर्डची एफ-१०० घ्यायची, ती अजून दोन-चार इंच खाली आणायची आणि कामालाही वापरायची, हा विचार वेडेपणाचा वाटत नाही. खाली आणली की गुरुत्वमध्य खाली येतो, वळणावर गाडी कमी झुकते, माल चढवताना कंबर वाचते.

पण करायचं कसं, यावर सल्ल्यांचा महापूर आहे आणि त्यातले बरेच सल्ले अर्धवट आहेत. म्हणून जरा गणित करू.

दबण्याच्या जागेचा हिशोब

अमेरिकेत 'हाफ टन' म्हणतात त्या पिकअपची नावापुरती क्षमता १,००० पौंड, म्हणजे साधारण ४५० किलो. (आजच्या हाफ टन गाड्या याहून बरंच जास्त वाहतात, नाव मात्र तेच राहिलंय.) हिशोबासाठी एक गाडी डोळ्यांसमोर आणा. रिकामी असताना मागच्या स्प्रिंगवर ५०० किलो भार. दोन्ही स्प्रिंग मिळून दर ७ किलोला १ मिलिमीटर दबतात. आणि ॲक्सल वर येऊन बंप स्टॉपच्या रबराला टेकायच्या आधी १०० मिलिमीटर जागा आहे. आकडे मी सोयीसाठी धरलेत, पण कल्पना यायला पुरेसे आहेत.

हौद्यात ४५० किलो टाकले की मागची बाजू ४५० भागिले ७, म्हणजे ६४ मिलिमीटर खाली जाते. ३६ मिलिमीटर उरतात, खड्ड्यांसाठी. ठीक आहे.

आता हीच गाडी मागून ३ इंच, म्हणजे ७५ मिलिमीटर खाली बसवली. सर्वात स्वस्त पद्धत म्हणजे ॲक्सल आणि स्प्रिंगच्या मध्ये ठोकळा घालणं. स्प्रिंग तीच, फक्त ॲक्सल फ्रेमच्या जवळ आलं. दबायला जागा उरली २५ मिलिमीटर. २५ गुणिले ७, म्हणजे १७५ किलो. तीन धडधाकट माणसं हौद्यात बसली की ॲक्सल रबराला टेकलं. त्यानंतरचा प्रत्येक खड्डा स्प्रिंगला नाही, थेट फ्रेमला बसणार.

"मग कडक स्प्रिंग घाल" हा पहिला सल्ला येतो. दुप्पट कडक घातली, १४ किलोला १ मिलिमीटर. ४५० किलोला ती ३२ मिलिमीटर दबेल. जागा आहे २५. म्हणजे स्प्रिंग दुप्पट कडक करूनही मूळची क्षमता परत मिळाली नाही! शिवाय रिकामी गाडी आता सेकंदाला सुमारे २.६ वेळा हलणार. मूळ स्प्रिंगवर हा आकडा १.९ होता, आणि भरल्यावर १.४. तब्बल २.६ म्हणजे रिकाम्या गाडीची मागची चाकं रस्त्यावरच्या प्रत्येक सांध्याला उड्या मारणार, आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबला की त्याच चाकांची पकड सगळ्यात आधी सुटणार.

पुढच्या कॉइल स्प्रिंगचे वेढे कापणं किंवा गॅसने तापवून त्यांना बसवणं, हे प्रकार आजही चालतात. कापलं की स्प्रिंग आखूड होते आणि कडकही होते, कारण तेवढ्याच जाडीच्या तारेची लांबी कमी झाली. इथपर्यंत निदान हिशोब तरी करता येतो. तापवलं की पोलादाचं टेंपर जातं आणि मग कुठलाच हिशोब लागू पडत नाही. माझ्या मते तापवलेली स्प्रिंग दिसली की गाडी विकत घेताना तिथेच थांबावं.

जागा परत कशी मिळवायची

मुद्दा कडकपणाचा कमी आणि जागेचा जास्त आहे, हे एकदा पटलं की पुढचे पर्याय आपोआप समजतात.

पुढच्या बाजूला उत्तर सोपं आहे: ड्रॉप स्पिंडल. चाक ज्या खुंटीवर फिरतं ती खुंटी मूळ भागापेक्षा साधारण अडीच इंच वर बसवलेला नवा भाग. चाक गाडीच्या तुलनेत वर गेलं, म्हणजेच गाडी खाली आली. स्प्रिंग, कंट्रोल आर्म, बंप स्टॉप यांचं नातं मात्र जसंच्या तसं. दबायची जागा गेली नाही, कडकपणा बदलला नाही. सी-१० ला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे, म्हणून हे जमतं. पुढून कॉइल कापण्यापेक्षा हा खर्च मोठा, पण कामाच्या गाडीसाठी मला दुसरा पर्याय सुचत नाही.

मागच्या बाजूला गोष्ट किचकट आहे. १९७३ नंतरच्या चौकोनी चेहऱ्याच्या सी-१० ला मागे लीफ स्प्रिंग आहेत, ज्यांना आपल्याकडचे मिस्त्री पाटे म्हणतात. मूळ रचनेत ॲक्सल पाट्यांच्या खाली असतं. 'फ्लिप किट' लावून ते पाट्यांच्या वर घेतात. एका झटक्यात गाडी पाच-सहा इंच खाली. पण ॲक्सल आता फ्रेमच्या इतकं जवळ येतं की दबायला जागाच राहत नाही. म्हणून फ्रेमला ॲक्सलच्या वर इंग्रजी 'सी' अक्षराच्या आकाराचा खाचा पाडतात, तोच सी-नॉच. ॲक्सलला वर यायला पुन्हा जागा मिळते. १९६७ ते १९७२ च्या बहुतेक सी-१० ला मागे पाट्यांऐवजी लांब ट्रेलिंग आर्म आणि कॉइल आहेत, तिथे फ्लिपचा प्रश्न येत नाही, पण खूप खाली न्यायची तर खाचा तिथेही लागतो.

लोक इथेच घाबरतात आणि घाबरायलाच हवं. ट्रकची फ्रेम ही पन्हाळीसारखी असते: वर एक पट्टी, खाली एक पट्टी, मध्ये उभी भिंत. वाकण्याला विरोध करण्याचं बहुतेक काम वरची आणि खालची पट्टी करते. खाचा पाडताना आपण खालची पट्टीच कापतो, आणि तीही नेमकी हौद्याच्या खाली, जिथे माल आहे. म्हणून खरा सी-नॉच म्हणजे नुसता खाचा नसतो. खाच्याच्या कडेने वळणारी जाड पोलादी पट्टी असते, जी कापलेल्या खालच्या पट्टीचं काम वळसा घालून पुढे नेते. शिवाय खाच्याच्या दोन्ही बाजूंना बरंच पुढे जाणारी आधाराची प्लेट असते. ग्राइंडरने अर्धगोल कापून किरकोळ वेल्डिंग केलेली फ्रेम रिकाम्या गाडीत वर्षानुवर्षं टिकेलही. ४५० किलो आणि एक खड्डा एकत्र आले की तडा खाच्याच्या कोपऱ्यातून सुरू होतो.

ॲक्सल हललं की त्याला येणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा कोनही बदलतो. तो जुळवला नाही तर ठरावीक वेगाला थरथर सुरू होते आणि युनिव्हर्सल जॉइंट झिजतात. हे काम चकचकीत नाही, म्हणून फोटोंमध्ये दिसत नाही.

हवेची स्प्रिंग, आणि सॉफ्टवेअरवाल्याला आवडणारा भाग

आपल्या गणितात अडचण ही होती की पोलादी स्प्रिंगला रिकामी गाडी आणि भरलेली गाडी यातला फरक कळत नाही. हवेच्या स्प्रिंगला तो शिकवता येतो.

रबरी पिशवीत हवा भरली की ती दाब गुणिले क्षेत्रफळ इतका भार उचलते. आपल्या गाडीत प्रत्येक बाजूला २५० किलो आणि पिशवीचं परिणामकारक क्षेत्रफळ ८० चौरस सेंटीमीटर धरलं, तर साधारण ४४ पीएसआय लागतात. ४५० किलो माल टाकून गाडी त्याच उंचीवर ठेवायची तर साधारण ८४. दाब जवळपास दुप्पट झाला की पिशवीचा कडकपणाही त्याच प्रमाणात वाढतो. परिणाम असा की गाडी रिकामी असो वा भरलेली, तिच्या हलण्याचा वेग जवळपास तोच राहतो. आणि उंची तीच राहिल्यामुळे दबायची जागाही तेवढीच. पोलादाला हे एका वेळी दोन्ही जमत नाही.

आता हवा किती भरायची हे कोणी ठरवायचं? स्वस्त किटमध्ये दाबावर चालणारा कंट्रोलर असतो: बटण दाबा, ४४ पीएसआय. मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो, त्यामुळे मला ही रचना बघताक्षणी खटकते. आपल्याला हवी आहे उंची आणि मोजतोय दाब. माल बदलला की तोच दाब वेगळी उंची देतो. योग्य रचनेत प्रत्येक चाकाजवळ उंचीचा सेन्सर असतो आणि कंट्रोलर फरक बघून हवा भरतो किंवा सोडतो. त्यातही एक नेहमीची मेख आहे. प्रत्येक खड्ड्याला उंची बदलते, म्हणून सेन्सरच्या आकड्याची काही सेकंदांची सरासरी घ्यावी लागते आणि थोडा फरक दुर्लक्षित करावा लागतो. नाहीतर कॉम्प्रेसर दिवसभर खोकत बसतो आणि टाकी रिकामी होते. नव्या गाड्यांमध्ये हे सगळं कारखान्यातूनच येतं. रॅम १५०० ला चारही चाकांवर हवेचं सस्पेन्शन २०१३ पासून पर्याय म्हणून मिळतं, आणि थांबल्यावर गाडी खाली बसवायची सोयही त्यात आहे. म्हणजे हौशी लोक गॅरेजमध्ये जे करत होते तेच कंपन्या आता पैसे घेऊन विकतात.

याची मुळंही त्याच जुन्या कायद्यात आहेत. १९५८ चा नियम आल्यावर रॉन अगिरे या तरुणाने १९५९ मध्ये आपल्या कॉर्वेटला विमानातले जुने हायड्रॉलिक भाग बसवले, म्हणजे पोलीस दिसले की गाडी वर, गेले की खाली. कायद्याने उंची मोजायला सुरुवात केली आणि उंची बदलणारी गाडी जन्माला आली!

पिशवी फुटली तर? ओलसर हवेमुळे थंडीत व्हॉल्व गोठला तर? तेव्हा गाडी थेट बंप स्टॉपवर बसते. अशा अवस्थेत टायर फेंडरला घासता कामा नये आणि स्टीअरिंग चाललं पाहिजे. कामाच्या गाडीसाठी म्हणूनच मला मधला मार्ग पटतो: पुढे ड्रॉप स्पिंडल, मागे पाटे तसेच ठेवून फ्लिप आणि नीट केलेला नॉच, आणि पाट्यांच्या मदतीला छोट्या हेल्पर पिशव्या. पिशवी गेली तरी पाटे गाडी घरी आणतात. फ्रेम जमिनीला टेकवणारी गाडी प्रदर्शनासाठी उत्तम, पण तिच्या हौद्यात वाळू घालायची कल्पना सोडून द्यावी.

पातळी सरळ म्हणजे भार सरळ, असं नाही

ट्रेलर ओढणाऱ्यांमध्ये एक गैरसमज फार पक्का आहे. ट्रेलर लावल्यावर मागची बाजू बसली, पिशवीत हवा भरून सरळ केली, झालं काम. झालं नाही.

१,८०० किलोचा ट्रेलर धरा. त्याच्या वजनातला साधारण १० ते १५ टक्के भाग हिचवर यायला हवा, आपण २०० किलो धरू. छोट्या हौद्याच्या सी-१० चा व्हीलबेस ११५ इंच, म्हणजे २.९२ मीटर. हिचचा गोळा मागच्या ॲक्सलपासून १.२ मीटर मागे. तरफेच्या नियमाने पुढच्या चाकांवरून सुमारे ८२ किलो उचलले जातात आणि मागच्या ॲक्सलवर २८२ किलो येतात. हवा भरून मागची बाजू वर घेतली तरी हे ८२ किलो पुढे परत जात नाहीत. गाडी सरळ दिसते, स्टीअरिंग आणि पुढचे ब्रेक हलकेच राहतात. भार पुढे ढकलायला वेट डिस्ट्रिब्युशन हिच लागतो. त्याचे बार ट्रेलर आणि गाडी यांच्यात ताण निर्माण करून भार पुढे सरकवतात. स्क्वॉट केलेली गाडी का घातक, तेही यातून कळतं. तिथे नाक आधीच वर आहे, हेडलाइट झाडांवर आहेत आणि चालकाला बॉनेटपुढचं मूल दिसत नाही.

मग टायर. खाली बसवलेल्या गाडीला २० इंची रिम आणि पातळ टायर हा जणू गणवेश झालाय. २५५/३५ आर २० या मापाच्या टायरचा लोड इंडेक्स सहसा ९७ असतो, म्हणजे एका टायरला ७३० किलो, दोघांना १,४६०. कारचा टायर हलक्या ट्रकला वापरायचा तर अमेरिकन नियमांनुसार ही क्षमता १.१ ने भागायची: १,३२७ किलो. आता आपली बेरीज. रिकाम्या गाडीचे ५००, ॲक्सल आणि चाकांचे साधारण १५०, माल ४५०, ट्रेलरचे २८२. एकूण १,३८२. सस्पेन्शनवर हजारो डॉलर खर्च केले, फ्रेम नीट मजबूत केली, आणि साखळी तुटली टायरच्या भिंतीवर छापलेल्या दोन अंकांपाशी.

ब्रेकचंही तेच. सी-१० ला पुढे डिस्क ब्रेक १९७१ पासून नेहमीचे झाले, त्याआधीच्या गाड्यांना चारही ड्रम. आणि कुठलाही सुटा भाग, हेल्पर पिशवीसुद्धा, गाडीची एकूण वजनमर्यादा वाढवत नाही. पिशव्यांचे उत्पादकच हे त्यांच्या माहितीपत्रकात लिहून ठेवतात. ती मर्यादा फ्रेम, ॲक्सल, ब्रेक, टायर या सगळ्यांतल्या कमकुवत भागावर ठरलेली असते.

आपल्याकडे?

पुण्या-नाशकातून मला कोणी विचारलं तर उत्तर छोटं आहे: इथे हे करू नका. मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलांपासून गाडी वेगळी करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केलं. २०२१ च्या विंटेज वाहन नियमांत ५० वर्षं जुन्या गाडीला वेगळी नोंदणी मिळते, पण ती मूळ रूपात हवी आणि व्यावसायिक वापर चालत नाही. म्हणजे 'जुनी, बदललेली आणि माल वाहणारी' या तीन अटी एकत्र बसतच नाहीत.

तरी गणित आपल्याकडेही रोज चालू असतं, फक्त उलट्या दिशेने. बाजार समितीच्या दारात जादा पाटे घातलेल्या पिकअप बघा. रिकाम्या असताना मागची बाजू वर, नाक खाली, आणि प्रत्येक गतिरोधकाला मागची चाकं हवेत. दबण्याची जागा वाढवली, कडकपणा वाढवला, पण ॲक्सल, ब्रेक आणि टायर कारखान्यातलेच. आरटीओचा माणूस गाडीची उंची मोजेल, वजनकाटा टनेज सांगेल. टायरच्या भिंतीवरचे ते दोन अंक मात्र पुढच्या वेळी चहाला थांबलात की स्वतःच वाचा. ९७ म्हणजे ७३०, १०० म्हणजे ८००, १०४ म्हणजे ९०० किलो, प्रत्येक टायरला.